ह्वे: कोरियन कच्च्या माशाचे प्रकार, काप, छोजांग, मुलह्वे आणि हमखास होणाऱ्या चुका

खाजणकाठ (धागाकर्ता)

सुशीच्या धाग्यावर कोरियन ह्वेचा विषय निघाला आणि तिथेच भरकटला, म्हणून हा वेगळा धागा.

ह्वे म्हणजे कच्चे काप. नुसतं ह्वे म्हटलं की मासा समजायचा. गोमांसाचं असेल तर युकह्वे. उकळत्या पाण्यातून काढलेलं ते सुकह्वे, गार आंबट-तिखट रश्श्यातलं मुलह्वे, भातावर घालून कालवायचं ते ह्वेदॉपबाप, भाज्यांबरोबर तिखटात कालवलेलं ह्वेमुछिम. बारीक मासे काट्यांसकट पातळ चिरले की त्याला सेक्कोशी म्हणतात.

ह्वे म्हणजे जपानी साशिमीची कोरियन नक्कल, या समजुतीने सुरुवात केली की पुढचं सगळं चुकतं. जपानी पद्धतीत मासा बऱ्याचदा मारून, रक्त काढून काही काळ थंड ठेवतात. कोरियात बहुतेकांना टाकीतला जिवंत मासा समोर कापलेला हवा असतो. त्याला ह्वारओ-ह्वे म्हणतात. कारण शुद्ध शारीरिक आहे. नुकत्याच मेलेल्या माशाचं मांस घट्ट असतं, दाताखाली ताणलं जातं. नंतरच्या तासांमध्ये स्नायूंतलं एटीपी (ऊर्जा पुरवणारं संयुग) मोडून आयएमपी हे चव देणारं संयुग तयार होतं आणि चव वाढते, पण त्याच वेळी तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजन सैल पडतं. म्हणजे चव आणि चावणं या दोन गोष्टी एकाच वेळी शिखरावर नसतात. कोरियन माणूस चावणं निवडतो आणि चवीची भर छोजांग (आंबट-तिखट लाल चटणी), लसूण, मिरची, पानं यांनी घालतो. हे एकदा ध्यानात आलं की ताटातली प्रत्येक वस्तू तिथे का आहे ते कळतं.

थंड ठेवून मुरवलेल्या माशाला सॉनओ-ह्वे म्हणतात. मिनओ हा उन्हाळ्यातला महागडा मासा बराचसा असाच खातात.

पातळ_काप

कापण्याबद्दल लिहितो, कारण ह्वेचा निम्मा खेळ तिथेच आहे.

सर्वात जास्त खपणारा मासा ग्वांगओ. आपल्या लेपेसारखा चपटा, पण अंगाने जाड. दुसरा उरक, म्हणजे काळपट रॉकफिश. दोन्हींची शेती होते, ग्वांगओची मुख्यतः जेजू बेटावर.

१) कल्ल्यामागे आणि शेपटीजवळ खोल काप देऊन मासा पाण्यात सोडतात. रक्त पूर्ण निघालं पाहिजे. घाई केली तर काप गुलाबी दिसतात आणि लोखंडासारखा वास येतो.

२) खवलं, डोकं, आतडी काढायची. पित्ताची पिशवी फुटली तर तेवढा भाग कापून टाकायचा, धुऊन कडूपणा जात नाही.

३) कण्याच्या आतल्या बाजूची काळी रक्ताची रेघ ब्रशने घासून काढायची. गोड्या पाण्याचा वापर इथपर्यंतच. हे धुणं महत्त्वाचं आहे, कारण माशाच्या अंगावरचा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा जंतू खारट पाण्यातला आहे, गोड्या पाण्याने त्याची संख्या घटते. मात्र फिले (काट्यापासून सोडवलेलं मांस) सुटल्यावर पाणी लावायचं नाही. मांस पाणी पितं आणि भुसभुशीत होतं.

४) ग्वांगओच्या मधल्या रेषेवर चीर देऊन दोन्ही बाजूंचे दोन-दोन, असे चार फिले निघतात. परांच्या मुळाशी असलेली चिंचोळी पट्टी वेगळी काढतात. ती कुरकुरीत आणि तुपकट असते. एका माशातून जेमतेम चार पट्ट्या, त्यामुळे ताटात ती शोधून आधी उचलली जाते.

५) कातडी खाली ठेवून सुरी जवळजवळ आडवी धरायची आणि सुरीऐवजी कातडीच ओढायची.

६) फिले कोऱ्या सुती कापडात किंवा कागदी टॉवेलात गुंडाळून ओल टिपायची. घरी करणारे नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग "काप बुळबुळीत का झाले" असं विचारतात.

७) सुरी तिरकी धरून, तंतूंना आडवं, एका ओढीत काप काढायचा. मागेपुढे करवतायचं नाही. घट्ट मांसाचा मासा पातळ, मऊ आणि चरबीदार मासा जाड. साल्मन कागदासारखा पातळ कापला तर तोंडात काहीच लागत नाही, आणि ताजा ग्वांगओ जाड कापला तर रबर.

ताटाखाली पारदर्शक शेवया दिसतात ती छॉनसाछे. समुद्री वनस्पतीच्या अर्कापासून करतात. काप पाण्यात बसू नयेत आणि ताट भरलेलं दिसावं, एवढंच तिचं काम.

अमसूल

बाजारात मासा घेताना काय बघायचं? सोलमध्ये नोर्यांगजिनला जाणार आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून पैसे द्यायचे नाहीत.

खाजणकाठ

नोर्यांगजिनचा बाजार त्या जागी १९७१पासून आहे, नवी इमारत २०१६ची. बुसानचा जागाल्छी, पोहांगचा जुक्दो, सगळीकडे पद्धत साधारण सारखी. टाकीतला मासा किलोच्या भावाने ठरवायचा, विक्रेता तिथेच कापून देतो, ते ताट घेऊन वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या 'छोजांगजिप'मध्ये जायचं. नावातच छोजांगचं घर आहे. तिथे माणशी जागेचे पैसे पडतात, त्यात पानं, चटण्या, लसूण, मिरची येते. उरलेल्या डोक्याकाट्यांचं कालवण हवं असेल तर त्याचे वेगळे. हे तिन्ही आकडे आधी विचारून घ्या.

वजन करताना टोपलीतलं पाणी निथळू द्यायला सांगा आणि टोपलीचं वजन वजा झालंय ना ते काट्यावर बघा.

किलोचा भाव फसवा असतो, कारण खायला किती मिळतं ते माशागणिक बदलतं. ग्वांगओतून साधारण निम्मं मांस निघतं. उरकचं डोकं मोठं, त्यात ३० ते ३५ टक्केच. समुद्री ब्रीम या दोन्हींच्या मधे. म्हणजे एक किलो उरकचं ताट ३००-३५० ग्रॅमचं होणार, आणि "कापताना मासा चोरला" अशी शंका नवख्याला येणार. उरकचं बाकीचं वजन कालवणात वसूल होतं, ते वेगळं.

जंगली की शेतीचा, हे ग्वांगओला उलटा करून बघायचं. जंगली माशाची खालची बाजू स्वच्छ पांढरी, शेतीतल्याच्या पोटावर काळपट डाग असतात. हॅचरीतून समुद्रात सोडलेल्या माशांनाही डाग असू शकतात, त्यामुळे डाग असले म्हणून विक्रेता खोटारडाच असं नाही. डाग असूनही तो जंगलीचा दुप्पट भाव मागत असेल तर मात्र पुढच्या टाकीकडे चला.

ग्वांगओ आणि दोदारी दिसायला जुळे. त्यासाठी कोरियन सूत्र आहे: 'ज्वा-ग्वांग, उ-दो'. डावा ग्वांगओ, उजवा दोदारी. माशाच्या तोंडासमोर तोंड करून उभं राहायचं, डोळे आपल्या डाव्या हाताला आले तर ग्वांगओ.

कोळंबी_६५

ऋतूचंही लिहा हो, तिथे ऋतू नसताना मासा मागितला की लोक हसतात.

पातळ_काप

वसंतात दोदारी, शरदात जॉनओ, हे तिथलं ठरलेलं वाक्य. जॉनओ काट्यांच्या बाबतीत आपल्या पाल्याचा भाऊ. म्हणूनच तो सेक्कोशी पद्धतीने, काट्यांसकट, तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या करून खातात. काप जाड झाला की काटा टोचणार. घर सोडून गेलेली सून जॉनओ भाजल्याच्या वासाने परत येते, अशी म्हण आहे. (सून गेलीच का, याबद्दल म्हण गप्प आहे.)

हिवाळ्यात बांगओ, म्हणजे यलोटेल. जेजूच्या मोसुल्पो बंदराचा प्रसिद्ध. ८ किलोच्या वरचा घेतात. मोठ्या माशात चरबी जास्त आणि पोट, पाठ, मान, गाल असे वेगवेगळ्या चवीचे भाग सुटे काढता येतात. छोट्यात ती मजा नाही. उन्हाळ्यात चरबी उतरते, शिवाय मांसात डोळ्यांना दिसणारे लांब किडे सापडतात. "उन्हाळ्यातला बांगओ कुत्रासुद्धा खात नाही" ही म्हण त्यावरूनच.

थंडीत पोहांगजवळच्या गुर्योंगपोचं ग्वामेगीही चाखा. सॉरी मासा (पूर्वी हेरिंग) समुद्राच्या थंड वाऱ्यावर टांगून गोठत-वितळत अर्धवट सुकवतात. तेलकट, दाट, थोडं चिकट. कच्ची समुद्री पानं, पातीचा कांदा, लसूण आणि छोजांग यांच्याबरोबरच खायचं. नुसतं तोंडात टाकलं तर तेलच लागतं.

चिमटी

छोजांगचं प्रमाण सांगा. नेटवर दहा ठिकाणी दहा.

सोलकढी_नंतर

गोचुजांग (मिरचीची आंबवलेली कोरियन पेस्ट) ३ मोठे चमचे, व्हिनेगर २ मोठे चमचे, साखर १ मोठा चमचा, लिंबाचा रस १ छोटा चमचा, ठेचलेला लसूण अर्धा छोटा चमचा, भाजलेले तीळ. साखर आधी व्हिनेगरमध्ये विरघळवायची, मग गोचुजांग. उलट केलं तर साखर दाताखाली कचकचते. करून लगेच वाढू नका, फ्रीजमध्ये किमान अर्धा तास, शक्यतो रात्रभर. कच्च्या लसणाचा झोंबरेपणा उतरतो.

नेटवर प्रमाणं वेगळी दिसतात कारण डब्याडब्यातल्या गोचुजांगचा गोडवा वेगळा असतो. म्हणून साखर निम्मी घालून चाखायचं. व्हिनेगर तांदळाचं किंवा सफरचंदाचं. आपल्याकडचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं आणि मागे काहीच ठेवत नाही. तिळाचं तेल यात घालू नका, कच्च्या पांढऱ्या माशाची चव ते झाकून टाकतं. सान्नाक्जीला (जिवंत ऑक्टोपसच्या तुकड्यांना) मात्र तिळाचं तेल आणि मीठच लागतं.

पानात बांधायची रीत: तळहातावर लेट्यूस, त्यावर क्केन्निपचं पान, एक-दोन काप, चटणी, लसणाची पातळ चकती, हिरव्या मिरचीचा तुकडा. एका घासात. अर्धं चावून अर्धं ताटात ठेवायचं नाही.

क्केन्निप म्हणजे पेरिलाची पानं. उत्तराखंडात ज्याला भंगजिरा म्हणतात ती हीच वनस्पती, तिथे बिया खातात. पानं न मिळाल्यास नुसतं लेट्यूस वापरा. पुदिना किंवा तुळस घालून 'तसंच काहीतरी' करू नका, ते तसं होत नाही.

निवांत

माझ्या मते छोजांग म्हणजे चांगल्या माशावर अन्याय. सोया आणि वासाबीत माशाची चव तरी कळते.

खाजणकाठ

@निवांत, मासा कुठला यावर आहे. मुरवलेला मिनओ किंवा बांगओचं पोट छोजांगमध्ये बुडवणं वाया घालवणंच, तिथे सोया बरोबर. बांगओ तर कोरियातही बरेच जण जुन्या किमचीबरोबर (आंबवलेल्या कोबीबरोबर) किंवा माकजांग या सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टबरोबर खातात, चरबी कापायला खारट-आंबूस काहीतरी लागतं म्हणून. पण पाच मिनिटांपूर्वी मारलेल्या ग्वांगओत तुम्ही म्हणता ती चव अजून तयारच झालेली नसते. तिथे चटणी झाकत नाही, रिकामी जागा भरते. वर एटीपीबद्दल लिहिलं ते याचसाठी.

एक मात्र खरं: पहिला काप नुसता खा. मासा शिळा असेल तर तिथेच कळतं, छोजांगखाली कळत नाही.

सोलकढी_नंतर

आता मुलह्वे. घरी सगळ्यात जास्त बिघडणारा प्रकार, त्यामुळे सविस्तर.

मुळात हे मच्छीमारांचं बोटीवरचं जेवण. पोहांगकडे मासा आणि भाज्या आधी गोचुजांगमध्ये कालवतात, थोडं तसंच खातात आणि मग गार पाणी ओततात. सोकछोकडे तयार बर्फाळ रस्सा घालतात. जेजूमध्ये पाया गोचुजांगचा नसून द्वेनजांगचा, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचा. तिथे 'जारी' नावाचा बोटभर-वीतभर मासा काट्यांसकट चिरून घालतात, रंग लाल न दिसता पिवळट-तपकिरी असतो.

दोघांसाठी, लाल प्रकार:
मासा २०० ग्रॅम, बोटभर लांब पातळ पट्ट्या.
काकडी अर्धी, बिया काढून. कोबी मूठभर. कांदा पाव, पाण्यात १० मिनिटं भिजवून. कोरियन नाशपती पाव.
रस्सा: पाणी ३५० मिली, गोचुजांग ३ मोठे चमचे, तिखट १ मोठा चमचा, व्हिनेगर ४ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, सोया १ मोठा चमचा, लसूण १ छोटा चमचा.

रस्सा आधी साध्या पाण्यात कालवून गाळायचा, मग फ्रीजरमध्ये दोन-तीन तास. कडेने बर्फ धरला की काट्याने फोडायचा. भाज्या खाली, त्यावर मासा, कडेने बर्फाळ रस्सा.

काय बिघडतं:
बर्फाचे खडे टाकले की दहा मिनिटांत रस्सा पांचट. बर्फ रश्श्याचाच हवा.
गार पाण्यात गोचुजांग घातलं तर गुठळ्या राहतात, वरचं पाणी फिकं आणि तळाला चिखल.
काकडीच्या बिया आणि न पिळलेला कोबी पाणी सोडतात. म्हणून रस्सा चाखताना 'थोडा जास्तच झालाय' असा वाटला पाहिजे. थंडीने जिभेला गोड कमी लागतं, तेही त्यात धरा.
मासा रश्श्यात भिजवून ठेवला तर व्हिनेगरने कडेने पांढरा पडतो आणि भुगा होतो. टेबलावरच एकत्र करायचं.
काश्मिरी मिरचीची मऊ पूड रस्सा गढूळ करते. कोरियन तिखट नसेल तर बेडगी मिरची बिया काढून जाडसर कुटा.
आपल्याकडे कडक, करकरीत नाशपती घ्या. बब्बूगोशा मऊ पडतो.

मासा संपत आला की उरलेल्या रश्श्यात सोम्यॉन शेवया किंवा भात. शेवया तीन मिनिटं उकळून गार पाण्यात दोनदा चोळून धुवायच्या, नाहीतर स्टार्चने रस्सा खळीसारखा होतो.

अमसूल

हे सगळं मुंबईच्या बाजारातल्या ताज्या सुरमईचं किंवा जिताड्याचं केलं तर? पहाटे धक्क्यावरून आणून?

पातळ_काप

नको. थेट नको. पहाटेचा मासा म्हणजे पहाटे धक्क्यावर उतरलेला मासा. बोटीवर तो किती दिवस बर्फात होता ते तुम्हाला कळत नाही. तो शिजवून खायच्या हिशेबाने हाताळलेला असतो: त्याच टोपल्या, तेच पाणी, तोच पाट.

धोके वेगवेगळे आहेत, एका उपायाने सगळे जात नाहीत.

अनिसाकिस हा किडा: दोन-तीन सेंटीमीटरचा पांढरा दोरा, वेटोळं घालून बसतो. मासा मेल्यावर आतड्यातून मांसात सरकू शकतो, म्हणून आतडी लगेच काढतात. खाल्ल्यावर काही तासांत पोटात भयंकर कळ, उपाय म्हणजे एंडोस्कोपीने किडा ओढून काढणं. व्हिनेगर, वासाबी, लसूण, सोजू (कोरियन दारू) यांनी तो मरत नाही. गोठवल्याने मरतो: अमेरिकी नियमात उणे २० अंशांना ७ दिवस किंवा उणे ३५ला घट्ट गोठवून १५ तास, युरोपात गाभ्यापर्यंत उणे २०ला किमान २४ तास. घरचा फ्रीजर जेमतेम उणे १८, दार उघडलं की तोही नाही.

सुरमई, बांगडा, कुपा यांत हिस्टामिन. थंडीची साखळी तुटली की तयार होतं, मग गोठवा, उकळा, तळा, जात नाही. तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस: उन्हाळ्यातल्या कोमट समुद्राचा जंतू. निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. पण यकृताचा आजार, मधुमेह, रोजचं भरपूर मद्यपान असणाऱ्यांत रक्तात शिरला तर जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. अशांनी उन्हाळ्यात कच्चा मासा आणि कच्ची कालवं खायचीच नाहीत. गरोदर बायांनीही नाही.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा कधीच नाही. कोरियात नाकदोंगसारख्या नद्यांकाठी कच्च्या नदीमाशातून यकृतातल्या पर्णकृमीचा जुना त्रास आहे. रोहू-कटला हा विचारसुद्धा करू नका.

घरी करायचंच असेल तर कच्चं खाण्यासाठी म्हणूनच विकला जाणारा, खोल गोठवलेला साल्मन किंवा ट्यूना. ट्यूनाचा ठोकळा: एक लिटर कोमट पाण्यात ३०-४० ग्रॅम मीठ, त्यात दोन-तीन मिनिटं, वरचा थर सैल झाला की बाहेर. पुसून, कागदी टॉवेलात गुंडाळून, फ्रीजमध्ये आतून मऊ होईपर्यंत. अर्धवट गोठलेला असतानाच कापा, कडा स्वच्छ येतात. ओट्यावर ठेवून वितळवलात तर बाहेर गरम, आत बर्फ, आणि ताटात गुलाबी पाणी.

कोळंबी_६५

मग आपल्याकडच्या माशाचं काहीच नाही?

सोलकढी_नंतर

आहे की, सुकह्वे. माकूल त्यासाठी उत्तम. कातडी ओढून काढा, आतल्या बाजूला चौकटीच्या उथळ चिरा द्या (बाहेरून दिल्या तर उलटी वळते). भरपूर पाणी, मीठ, चमचाभर व्हिनेगर. पाणी खळखळत असताना घाला. लहान माकूल सव्वा ते दीड मिनिटात आतपर्यंत पांढरी होते. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पुसून पट्ट्या. थोड्या पाण्यात बरीच टाकली तर पाण्याचं तापमान पडतं, वेळ वाढतो आणि चप्पल तयार होते. सोललेली कोळंबी दोन मिनिटं. छोजांग तीच. पूर्ण शिजलेलं असल्याने वरची यादी आड येत नाही.

पुण्यात रांजणगाव-तळेगाव पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांमुळे कोरियन सामानाची दुकानं आहेत, गोचुजांग तिथे मिळतं.

चिमटी

होंगओबद्दल कुणीच लिहीत नाहीये :)

खाजणकाठ

वास इथपर्यंत येईल म्हणून.

होंगओ म्हणजे स्केट, आपल्या पाकटाच्या कुळातला कूर्चेचा मासा. या माशांच्या अंगात युरिया असतो, समुद्राच्या खारटपणाशी तोल राखायला. मासा मेल्यावर जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. शिळ्या मुशीला येतो तोच वास. होंगओत तो इतका होतो की मांस अल्कधर्मी बनतं आणि बाकीचे सडवणारे जंतू टिकत नाहीत, म्हणून मीठ न घालता मुरतो. ह्युक्सान बेटावरून नावेने नाजूजवळच्या योंगसानपोला नेताना वाटेतच मुरायचा, असं त्याचं मूळ सांगतात.

खायची रीत सामहाप: उकडलेलं डुकराचं मांस, जुनी आंबलेली किमची, मधे होंगओ. बरोबर माकगॉली ही तांदळाची दारू. तोंडात टाकून नाकाने जोरात श्वास ओढू नका. नाकाचा भाग सर्वात उग्र, नवख्याने पंखांपासून सुरुवात करावी. पाकट आणून घरी मुरवण्याचा प्रयोग करू नका, कुठले जंतू वाढले ते वासावरून कळणार नाही.

सान्नाक्जीबद्दल थोडक्यात: लहान ऑक्टोपसचे तुकडे हलत असतात आणि चूषक चिकटतात. घशात चिकटून माणसं दगावली आहेत. तुकडे बारीक हवेत, तिळाच्या तेलात बुडवायचे, हालचाल थांबेपर्यंत चावायचं. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दोन बाटल्या सोजू झालेले, तिघांनाही नाही.

कोळंबी_६५

शेवटी ते लाल कालवण येतं, त्याचं प्रमाण?

पातळ_काप

मेउनथांग. एका माशाच्या डोक्याकाट्यांना १ लिटर पाणी, २०० ग्रॅम मुळ्याच्या चौकोनी पातळ चकत्या, तिखट २ मोठे चमचे, गोचुजांग १ मोठा चमचाच, लसूण १ मोठा चमचा, सोया, मीठ. मुळा आधी १० मिनिटं उकळायचा, पाणी खळखळलं की हाडं. फेस काढत राहा, पहिली पाच-सात मिनिटं झाकण नको. पुढे मध्यम आचेवर १५ मिनिटं, शेवटी पातीचा कांदा आणि मिनारी ही कोरियन पालेभाजी.

गोचुजांग वाढवलं की गोडसर दाट पिठलं होतं, तिखटपणा पुडीतूनच यायला हवा. डोक्यातले कल्ले राहिले तर रस्सा कडवट. उरकचं डोकं चिकट रसाचं, त्याला लाल रस्सा शोभतो. ग्वांगओच्या हाडांचा रस्सा दुधाळ होतो, त्याचं तिखटाशिवाय 'जिरी' करून बघा.

अमसूल

आभार. ह्वेदॉपबापला भात गरम की गार?

सोलकढी_नंतर

कोमट. वाफाळत्या भातावर मासा कडेने शिजतो, फ्रीजमधल्या भाताचे दाणे कडक लागतात. वाटीभर भाताला १५० ग्रॅम मासा, दोन मोठे चमचे छोजांग, छोटा चमचा तिळाचं तेल. चमच्याने घोटू नका, चॉपस्टिक्सनी सैल करत कालवा, म्हणजे शीत मोडत नाही.